हात पुसेगावपर्यंत टिकला

केरबा मिस्त्रीला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका मोटारीच्या तोंडावर उजवा तळहात टेकवून, डोळे मिटून, गावांची नावं घेत उभा होता. "माहुली... त्रिपुटी... कोरेगाव..." एवढं म्हणून त्यानं हात झटकन उचलला, धोतराला पुसला आणि म्हणाला, "तब्येत बरी हाय. सोडा गाडी."

मी साताऱ्याच्या स्टँडवर बुकिंग क्लार्क म्हणून त्याच दिवशी रुजू झालो होतो. मला वाटलं, या माणसाला गाडी सोडण्याआधी देवाचं नाव घ्यायची सवय असेल आणि ऐन वेळी देव आठवत नसल्यामुळं तो गावांवर भागवत असेल. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यानं माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "भाऊसाहेब, नवं दिसताय," म्हणाला. "ठेवा बगू हात हितं." मी ठेवला, आणि माहुलीतला 'मा' तोंडातून निघायच्या आत ओरडून मागं सरलो. सगळं स्टँड हसलं. माझ्या नोकरीचा शुभारंभ असा झाला.

तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. आमची मोटार सर्व्हिस पाच गाड्यांची, सातारा ते म्हसवड धावणारी. मालक भूपालअण्णा सांगलीचे, मूळचे हळदीचे व्यापारी. पेट्रोल कूपनावर, टायर नशिबावर आणि सुटे भाग तर स्वप्नातही मिळत नव्हते. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा आमच्या गाड्यांत एके काळी होता म्हणे. माझ्या वेळेपर्यंत पाचही काटे मेले होते. त्यांच्या जागी केरबाचा तळहात होता.

त्याची रीत अशी. गाडीच्या तोंडाशी रेडिएटरची जाळी असते. इंजिनातलं तापलेलं पाणी त्या जाळीच्या बारीक नळ्यांतून वरून खाली उतरतं आणि उतरता उतरता निवतं. केरबा त्या जाळीवर हात ठेवून आमच्या रस्त्यावरचे थांबे एका लयीत म्हणायचा: माहुली, त्रिपुटी, कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव, निढळ, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. चढ चढून आलेल्या गाडीच्या जाळीला वरच्या अंगानं हात कोरेगावपर्यंत आणि खालच्या अंगानं पुसेगावपर्यंत टिकला, तर गाडी ठणठणीत. माहुलीलाच उचलावा लागला, तर आजारी. आणि हात आरामात म्हसवडला पोचला, तर गाडी अजून सुरूच झालेली नाही, ड्रायव्हरला चहाच्या दुकानातून हाक मारा!

असा हात काही जन्मजात नसतो. केरबा मूळचा इस्लामपूरकडचा गुळव्या. उसाचा रस काहिलीत उकळत असताना गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. हात गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकाचं बोट उचलायचं, पुन्हा पाण्यात गोळी करून पाहायची. हे त्यानं पंधरा-वीस हंगाम केलेलं. उजव्या तळहाताची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. रस कुठल्या टप्प्याला आलाय हे तो पाठ फिरवून नुसत्या आवाजावरून सांगायचा.

माणसांनाही तो त्याच मापानं मोजायचा. एखादा उतावळा असला, तर "कच्च्या पाकाचा." एखादा सतत चिडलेला असला, तर "तळाला लागलाय." माझ्याबद्दल त्यानं सहा महिने मत दिलं नाही. मग एकदा चहा पिता पिता म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी अजून रसच हाय. पर ऊस चांगला हाय." मी घरी जाऊन हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मिस्त्री शहाणा दिसतो. चहा मात्र तो गुळाचाच घ्यायचा आणि पहिल्या घोटाला दरवेळी तोंड वाकडं करून म्हणायचा, "घाईनं उतरवलेला हाय."

गुऱ्हाळावरचा माणूस मोटारीच्या गॅरेजात कसा आला, ही गोष्ट अण्णा स्वतः रंगवून सांगत. ते इस्लामपूरहून सांगलीला आपल्या गाडीनं निघालेले. वाटेत एक दगड उडून रेडिएटरला लागला, पाणी गळून गेलं आणि गाडी फुसफुसत एका गुऱ्हाळासमोर उभी राहिली. ड्रायव्हर पाणी ओतायचा, पाणी खालून निघून जायचं. हे बराच वेळ चाललं. काहिलीपाशी उभ्या असलेल्या केरबाला तो उकळ्यांचा आवाज सोसवेना. तो आला, वाकून गळती पाहिली, आणि मागच्या सीटवर हळदीच्या नमुन्याची पिशवी होती तिच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "अण्णा, त्यातली मूठभर द्या."

"कशाला रे?"

"हात कापला तर काय दाबता? त्येच."

रेडिएटरच्या तोंडातून त्यानं मूठभर हळद आत सोडली, वर पाणी ओतलं. गरम पाण्यात हळद फुगली, वाहत जाऊन त्या भोकाशी बसली, आणि गळती थांबली. अण्णा थेट सांगलीला पोचले, वाटेत एकदाही न थांबता. हंगाम संपल्यावर त्यांनी माणूस पाठवून केरबाला साताऱ्याला बोलावून घेतलं.

लढाईमुळं गळक्या भोकाला डाग देऊन ते बुजवायला कथील मिळत नव्हतं, त्यामुळं हा हळदीचा उपाय आमच्या सर्व्हिसला वरदानच झाला. अण्णांनी गॅरेजात हळदीचा एक डबाच ठेवून दिला. जिथं गळेल तिथं केरबाची मूठ. कोरेगावपासून दहिवडीपर्यंत सगळे ड्रायव्हर त्याला हळद्या मिस्त्री म्हणू लागले, आणि हे नाव त्याला अतिशय आवडायचं. आमच्याकडं एक गाडी होती, नंबराच्या शेवटी सोळा असलेली. ती त्याची विशेष लाडकी. दर सोमवारी सकाळी तिच्या बॉनेटला कुंकवाचं बोट आणि पोटात मूठभर हळद. गळत नसली तरी. "लेक हाय आपली," म्हणायचा. ते बघताना आम्हा कुणालाच काही खटकलं नाही.

कौतुकाचा तो भुकेला होता, हे सांगायलाच हवं. कोरेगावच्या एका डॉक्टरांची गाडी सारखी तापायची. तीन ठिकाणी दाखवून झालं, पाणी बदललं, पट्टा बदलला. केरबानं इंजिनाकडं ढुंकून पाहिलं नाही. गाडीभोवती फिरत चारी चाकांना हात लावला आणि मागच्या डाव्या चाकापाशी चटका बसल्यासारखा थांबला. "डाक्टर, हिचा ब्रेक सुटतच न्हाई. बैलाची येसण मागं वढायची आन् वर म्हणायचं, घाम कशापायी येतोय?" ब्रेक सैल केला, गाडी निवली. पुढं महिनाभर ही गोष्ट आम्ही रोज ऐकली. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली होती; महिनाअखेर डॉक्टर त्याच्या पाया पडायला वाकले होते आणि त्यानं मोठ्या मनानं त्यांना वरच्या वर अडवलं होतं. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी हात, मग पाना." हे वाक्य तो डाव्या हातानं मिशी सारखी करत बोलायचा.

आणि मग सोळा नंबर तापू लागली.

साताऱ्याहून कोरेगावपर्यंत ती गुणी पोरीसारखी जायची. पुढं वर्धनगडचा घाट लागला की मध्यावर वाफांचे लोट. घाटात एका पिंपळाखाली पाण्याचं पिंप ठेवलेलं होतं, तिथं सगळ्याच गाड्या थांबत. पण बाकीच्या एक बादली पीत, ही चार बादल्या पिऊनही धापा टाकायची. टोपण उघडावं तर आत पाण्याचा टिपूस नाही.

तिचा ड्रायव्हर हणमंता. लष्करात ट्रक चालवून जखमी होऊन परत आलेला, डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. कोरेगावात म्हातारी आई, बायको, लेकरं. चार भावांत त्याच्या वाट्याला आलेल्या जमिनीत बैल उभा राहिला तर शेपूट भावाच्या रानात जायचं. त्या वाकड्या बोटांनी दुसरं काम होणारं नव्हतं. स्टिअरिंग मात्र पक्कं धरता यायचं. ड्रायव्हरचा पितळी बिल्ला, म्हणजे त्याचा सरकारी परवानाच, तो रोज सकाळी चिंचेनं घासून लखलखीत करायचा आणि छातीवर लावून मगच चहा घ्यायचा.

अण्णांनी पुण्याहून नवे फोरमन आणले होते, दिनकरराव. शिकलेले, कामाला चोख, खिशात वही. त्यांनी सोळा नंबरचं इंजिन उघडलं. केरबानं जवळ येऊन हात पुढं केला, तर म्हणाले, "हे गुऱ्हाळ नाही. तू बाकीच्या गाड्या बघ." झालं! केरबा जो रुसला, तो रुसलाच. सोळा नंबर गॅरेजात आली की पाठ करून बसायचा. मी एकदा समजूत घालायला गेलो, तर म्हणाला, "फोरमनचा पाक बरा हाय, पर ढवळत न्हाई." दिनकररावांनी दोनदा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून बसवलं, गॅस्केट बदलली, तरी घाटात तेच. शेवटी त्यांनी निदान केलं: हेडला डोळ्याला न दिसणारी बारीक चीर गेलेली आहे, आणि ती गेली कारण ड्रायव्हरनं गाडी पाण्याविना हाकली. इंजिन मोडीत. ड्रायव्हरचा बिल्ला रद्द व्हावा.

हा अहवाल स्वच्छ अक्षरात मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे याचा मला तोवर अभिमान होता. 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे' हे शब्द तर फारच देखणे उतरले होते.

अण्णा सांगलीहून आले. सकाळी नऊच्या सुमाराला गॅरेजच्या अंगणात लिंबाखाली टेबल मांडलं. त्यांची सही झाली की अहवाल आणि बिल्ला दोन्ही जिल्ह्याच्या कचेरीत जाणार होते. हणमंतानं वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "अण्णा, आईच्यान सांगतो, कोरेगावात गळ्यापतूर पाणी भरत हुतो. ते कुठं जातं ते मला उमगत न्हाई." मग त्यानं बिल्ला काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या सुंदर अक्षरावर ठेवला.

कोपऱ्यात पाठ करून बसलेला केरबा उठला.

"अण्णा, सही जरा थांबवा. मला घटकाभर गाडी द्या."

दिनकरराव म्हणाले, "आता काय उपयोग? मी दोनदा उघडलंय."

"तुमी उगडून बगितलं, मी झाकून बगतो."

गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं. त्यानं रेडिएटरचं टोपण काढलं, पाणी काठोकाठ भरलं आणि हणमंताला इंजिन सुरू करायला लावलं. मग त्या तोंडावर वाकून तो पाण्याकडं बघत राहिला. आम्हीही वाकलो.

"फोरमनसाहेब, चीर असती तर इंजनातला धूर हितं शिरला असता का न्हाई?"

"शिरला असता."

"मग गार पाण्याला बी बुडबुडं आलं असतं. दिसतंय का एक तरी? पाणी गप हाय."

दिनकररावांनी चष्मा पुसून पाहिलं. पाणी गप होतं. त्यांनी वही खिशातून काढली, पण लिहिलं काही नाही.

"आता दाब पाय, हणमंत्या. घाट चढतोयस आसं समज."

इंजिन गरजलं. आणि ते गार, न उकळलेलं पाणी तोंडातून उसळून बाहेर आलं, बॉनेटवरून खाली वाहिलं, अण्णांच्या जोड्यांवर गेलं. केरबानं टाळी वाजवली. "बगा! उकळलं न्हाई तरी पळालं! पंप पाणी वर ढकलतोय, आन् खाली उतरायला वाट न्हाई. मग ते वरनंच सांडणार. ह्यो गडी भरत हुता, गाडी घाटात सांडत हुती. पाणी संपलं म्हणून ती तापली. हणमंत्याचा काय गुन्हा?"

हणमंता गाडीतून खाली उतरला आणि चाकाला टेकून उभा राहिला.

"पण वाट अडवली कशानं?" अण्णांनी विचारलं.

"त्ये हात सांगंल."

इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद केलं. केरबानं जाळीवर वरच्या अंगाला हात ठेवला. "माहु..." उचलला. उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवला. "माहुली, त्रिपुटी..." उचलला. मग डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवला. "माहुली, त्रिपुटी, कोरेगाव, वर्धनगड, पुसेगाव..." हात तिथंच. "निढळ, दहिवडी, गोंदवले, म्हसवड." हात तरीही तिथंच. गाडी वाफाळत होती आणि तिचं अर्धं तोंड गार होतं. गरम पाणी त्या अर्ध्या नळ्यांत पोचतच नव्हतं.

केरबानं खालची तोटी उघडली. पाणी नीट येईना. एक तार घेऊन त्यानं आत कोचली आणि ओढली. तारेच्या टोकाला पिवळट काळं, चिकणमातीसारखं ढेकूळ आलं. त्यानं ते हुंगलं. जिभेला लावलं. त्याचा चेहरा मी तेव्हा अगदी जवळून पाहत होतो. मिशीकडं जाणारा डावा हात अर्ध्यावरच थांबला.

अण्णांनी ते ढेकूळ त्याच्या बोटांतून घेतलं, चुरडलं, नाकाशी नेलं. आयुष्य हळदीत गेलेला माणूस. "राजापुरी हळद," ते हळूच म्हणाले. "आपल्याच पेढीची."

दर सोमवारची ती मूठ सगळ्यांना आठवत होती, पण कुणी बोलून दाखवायला धजत नव्हतं. केरबाला गप्प बसणं सोपं होतं. हणमंता सुटलाच होता. हळद कुणी टाकली हे ड्रायव्हर लोकांवर ढकलता आलं असतं. ज्या मुठीवर त्याचं सगळं नाव उभं होतं, तीच मूठ आता तारेच्या टोकाला आली होती. आणि हा माणूस किती नावाला जपणारा, ते मी वर सांगितलंच आहे.

एकदम तो हसला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "सापडला की वं चोर, अण्णा! म्हैनाभर फोरमन हुडकतोय, आन् चोर कोपऱ्यात रुसून बसलाय! म्याच टाकली. दर सोमवारी. गळत नव्हती तरी टाकली. लाडानं लेकीला इतकं चारलं, की तिचा गळा मिटला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "भाऊसाहेब, त्यो कागुद फाडा. नवा घ्या. लिवा: गाडी तापली, कारण केरबा."

दिनकरराव म्हणाले, "अरे, असं लिहून कचेरीत गेलं तर तुझं नाव जाईल."

"जाऊंद्या की. गाडी जाईल न्हवं घाटावर?"

मी फाडला. आयुष्यात इतक्या आनंदानं दुसरा कागद फाडल्याचं मला आठवत नाही. नव्या कागदावर लिहिलं, 'केरबा मिस्त्री यांनी मायेपोटी घातलेल्या हळदीमुळे.' त्यानं मला वाचायला लावलं आणि म्हणाला, "मायेपोटी कशाला? अडाणीपणानं लिवा." मी बरं म्हणून मान हलवली आणि शब्द तसाच ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, याचा मी आयुष्यात एकदाच फायदा घेतला. अण्णांनी तो कागद वाचला, घडी करून आपल्या कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "हळद माझी, गाडी माझी, मिस्त्री माझा. कचेरीचं इथं काय काम आहे?" तोवर केरबानं टेबलावरचा बिल्ला उचलून हणमंताच्या छातीवर लावला होता. बिल्ल्यावर आणि सदऱ्यावर त्याच्या पिवळ्या बोटांचे ठसे उठले.

पुढचं काम त्याच दुपारी झालं. रेडिएटर उतरवला. मोठ्या हंड्यात धुण्याचा सोडा घालून पाणी खळखळ उकळलं; उकळी केरबानं आवाजावरूनच पास केली. ते पाणी रेडिएटरमध्ये भरून दोन तास तसंच ठेवलं. मग शेजारच्या मळ्यात विहिरीवर तेलाचं इंजिन चालत होतं, तिथं तो नेला. त्याचं खालचं तोंड पंपाच्या नळाला जोडलं, म्हणजे पाणी उलटं, खालून वर जाईल. आधी काहीच येईना. मग एक पिवळी धार आली, दोऱ्यासारखी. मग भसकन गोळाच सुटला आणि पाटातलं पाणी दूरवर पिवळंधमक झालं. मळ्यात खुरपणाऱ्या बायका उभ्या राहून बघू लागल्या. "सोळा नंबरची हळद उतरली!" केरबा ओरडला. "आता वरात काढा!"

हळद उतरली तशी जुनी गळती उघडी पडली. केरबा रेडिएटर उचलून सरळ दिनकररावांपाशी गेला. "सायेब, डाग तुमी द्या. मला न्हाई येत. आन् देताना मला बगू द्या." दिनकररावांनी पुण्याहून येताना जपून आणलेली कथलाची एक लहानशी कांडी होती. ती त्यांनी काढली. दोघं डोक्याला डोकं लावून संध्याकाळपर्यंत बसले होते.

परीक्षा झाली ती म्हसवडच्या जत्रेला. सिद्धनाथाच्या रथासाठी माणसं लोटलेली, गाडी आतून भरलेली, टपावरही माणसं. हणमंताशेजारी अण्णा, त्यांच्यामागं दिनकरराव आणि मी, पायरीवर लटकलेला केरबा. कोरेगाव गेलं, घाट लागला. पिंपळ दिसला. सवयीनं कंडक्टरनं बादली हातात घेतली. हणमंतानं मान वळवून केरबाकडं पाहिलं.

"थांबू नगंस!" केरबा ओरडला. "चल!"

पिंपळाखाली दोन गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या होत्या. त्यांच्यामधून सोळा नंबर गुरगुरत वर गेली. अण्णा बॉनेटवरची नजर काढीनात, दिनकरराव पुटपुटत वळणं मोजत होते. एक वळण, दुसरं, तिसरं. वाफ नाही. माथा आला आणि गाडीनं उतार धरला, तेव्हा हणमंताच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

पुसेगावात गाडी थांबली. केरबानं उडी मारून जाळीवर, त्याच डाव्या खालच्या कोपऱ्यात, तळहात ठेवला. "माहुली..." आतल्या माणसांना ही गोष्ट तोवर तोंडोतोंडी कळली होती. "त्रिपुटी!" टपावरून आवाज आला. "कोरेगाव! वर्धनगड!" सगळी गाडी म्हणू लागली. "पुसेगाव!" केरबानं हात उचलला आणि उंच धरला. "आलं गाव! टिकला हात!" मग उजवीकडं ठेवून पाहिला, तिथंही पुसेगाव. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज दिनकररावांचा होता.

डॉक्टरांच्या गाडीची गोष्ट त्यानंतर केरबानं पुन्हा कधी सांगितली नाही. आता तो हीच सांगायचा, बाजारात, पारावर, चहाच्या दुकानात. स्वतःची चूक इतक्या दिमाखात मिरवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दर खेपेला हळद वाढायची. मी शेवटचं ऐकलं, तेव्हा रेडिएटरमधून दोन पोती निघाली होती.

लढाई संपली. केरबा वयानं थकला आणि इस्लामपूरकडं आपल्या गावी गेला. मीही नोकरी बदलली. दोन-तीन वर्षांनी जत्रेच्या दिवसांत म्हसवडला निघालो होतो, योगानं हणमंताच्याच गाडीत. घाटात पिंपळ आला आणि पाहतो तर पिंपापाशी केरबा. मिशी पांढरी झालेली, धोतर तेच. हणमंता आता त्याला मामा म्हणायचा. त्यानं सांगितलं, दरवर्षी जत्रेला मामा आपल्या गावाहून येतात, चार दिवस इथंच बसतात. येईल त्या गाडीला हात लावतात, कुठं दुखतंय ते सांगतात, पाणी घालतात. कुणी बोलावलेलं नसतं.

हणमंतानं गाडी हळू केली, थांबवली नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून, वाकड्या बोटानं छातीवरच्या बिल्ल्यावर टकटक करत ओरडला, "मामा, पाणी हाय का?"

केरबानं भरलेली बादली उचलली. सोळा नंबरकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हाय की गड्या," तो म्हणाला, "पर तुला न्हाई!" आणि ती सगळी बादली त्यानं पिंपळाच्या मुळाशी ओतून टाकली.

आम्ही वर निघालो. वळणावरून मी मागं पाहिलं. तो रिकामी बादली एका हातात धरून उभा होता आणि दुसरा हात, तो तळहात, आमच्याकडं करून उंच धरला होता. मी मनातल्या मनात माहुलीपासून सुरुवात केली. पिंपळ डोंगराआड गेला, तेव्हा मी पुसेगावला पोचलो होतो आणि तो हात अजून वरच होता.